बॅटरी रात्रीत उतरते कशी?
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मी मेकॅनिक नाही. ३६ वर्षं बँकेत काढली. तरी आज गाडीच्या बॅटरीवर बोलणार आहे, कारण गेल्या पावसाळ्यात तिने मला धडा शिकवला.

रात्री दीड वाजता आमच्या सौ.ला धाप लागली. गाडीत बसवलं, चावी फिरवली, तर नुसतं टक्‌-टक्‌! बी विंगमधल्या शेजाऱ्यांनी झोपेतून उठून आपली गाडी काढली, म्हणून वेळेत दवाखाना गाठला. सौ. आज पहिल्या रांगेत बसली आहे, ती त्यांच्यामुळे.

बॅटरी तर आठच दिवसांपूर्वी नवी टाकलेली. म्हणजे खात्यात शिल्लक राहत नाही म्हणून मी नवं खातं उघडलं, पण पैसे जातात कुठे ते पाहिलंच नाही!

मग नातवाला घेऊन ऑडिटला बसलो. आधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहायचं. भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मीच. इंजिन चालू केल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं, तर अल्टरनेटर भरणा करतोय. आमचा भरणा ठीक होता. म्हणजे गळती उभ्या गाडीत.

मग सगळं बंद करून, १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह केबल सोडवली आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मीटर जोडला, १० अँपिअरच्या खाचेत. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतली यंत्रणा झोपायला वेळ घेते. घड्याळ, अलार्म यांचा ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. आमचा ४०० च्या वर!

एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा झपकन खाली आला. पण दिवे तर सगळे बंद दिसत होते. नातवाने फ्यूज परत बसवला, मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. पाहतो तर आत दिवा जळतोय. डिकीचं बटण अडकलं होतं.

५ वॉटचा दिवा, पण दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर खातो. आमची बॅटरी ३५ ची. मी गाडी काढणार दोन-तीन दिवसांनी, तीही मंडईपर्यंत. तेवढ्यात भरणा कितीसा होणार? आपल्याला वाटतं रात्रीत उतरली. खरं तर ती रोज हप्त्याहप्त्याने जात असते.

तेव्हा मंडळी, नवी बॅटरी घेण्याआधी गळती शोधा. आणि हो, वॉचमनच्या केबिनमध्ये मी एक जंप केबल आणून ठेवली आहे. कुणालाही, कधीही लागली तर न्या. वापरून झाल्यावर जागेवर ठेवा, एवढीच विनंती.