भाताची परीक्षा

कुंडींतील गुलाबाच्या कोंवळ्या शेंड्यावर मावा पडलेला पुष्कळ घरांतून पाहण्यांत येतो. पानें आक्रसतात, शेंडा चिकट होतो आणि कळी उमलत नाहीं. अळी पान कुरतडते तें डोळ्यांना दिसतें. परंतु मावा, तुडतुडे यांसारखे कीटक सुईसारखी सोंड खुपसून झाडाचा रस आंतल्या आंत शोषून घेतात. भाताचा असाच एक वैरी म्हणजे तपकिरी तुडतुडा. तो अवघा तीनचार मिलिमीटर लांब. पण बुंध्याशीं त्याचे थवे जमले म्हणजे हिरव्यागार शेतांत ठिकठिकाणीं आगीनें होरपळल्यासारखे पट्टे दिसूं लागतात, आणि हातातोंडाशीं आलेला घांस नाहींसा होतो.

औषध मारावें हा उपाय प्रथम सुचतो. परंतु कित्येक औषधांनीं तुडतुड्यांना खाणारे कोळी मरतात, आणि रोपाच्या आंत घातलेलीं तुडतुड्यांचीं अंडीं मात्र वांचतात. मग कीड पूर्वीपेक्षां अधिक माजते. याच अनुभवामुळें इंडोनेशियाच्या सरकारनें १९८६ सालीं ५७ कीटकनाशकें भातावर वापरण्यास बंदी केली.

तेव्हां कीटकाला मानवणार नाहीं असें भाताचेंच एखादें वाण मिळेल काय? हा शोध फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथें, १९६० सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत सुरू झाला. तेथील परीक्षा दिसण्यांत अगदीं साधी आहे. एका उथळ पेटींत निरनिराळ्या वाणांचें बी ओळींनीं पेरतात. त्यांत एक ओळ 'तायचुंग नेटिव्ह १' या हटकून बळी पडणाऱ्या वाणाची असते. रोपें आठवड्याभराचीं झालीं कीं त्यांवर तुडतुड्यांचीं पिल्लें सोडतात. ही दुबळी ओळ वाळून गेली म्हणजे बाकीच्यांचा निकाल लावावयाचा. टवटवीत रोपाला शून्य आणि मेलेल्याला नऊ गुण. अर्थात् या परीक्षेंत शून्य मिळविणाराच पहिला!

या कसोटीला 'मुदगो' नांवाचें एक भारतीय वाण उतरलें. त्याच्यावर तुडतुडा सोंड खुपसतो, पण पोटभर रस पीत नाहीं. त्याचीं पिल्लें उपासानें मरतात. हाच गुण ज्यांत होता तें 'आय. आर. २६' हें वाण १९७३ सालीं शेतकऱ्यांना मिळालें. परंतु दोनतीन वर्षांतच फिलिपाईन्स व इंडोनेशिया येथें तुडतुडे त्यावरही पोसूं लागले. असें कां व्हावें? असंख्य तुडतुड्यांत हा रस पचविणारे थोडेसे पूर्वींपासूनच होते. बाकीचे मेले, ते उरले, आणि पुढें त्यांचीच संतति वाढली. माणूस वाण निवडीत होता, तसें तें वाणही कीटकांची निवड करीत होतें.

म्हणून १९७६ सालीं आलेल्या 'आय. आर. ३६' मध्यें दुसरा, निराळा गुण घालण्यांत आला. हें वाण पुढें एक कोटी दहा लाख हेक्टरांवर पसरलें. तुडतुडे रोपें खुजीं करणारा एक विषाणुरोगही पसरवितात. त्यावर उतारा शोधतांना सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. त्यांतून उत्तर प्रदेशांतील रानभाताचा एकच नमुना कामास आला, आणि त्याचाही गुण या वाणांत उतरविला गेला. कालांतरानें 'आय. आर. ३६' वरही कांहीं ठिकाणीं तुडतुड्यांनीं मात केली, व पुन्हां तिसऱ्या गुणाचा शोध करावा लागला.

यावरून इतकें दिसतें कीं, ही परीक्षा एकदां घेऊन संपत नाहीं. कोणता गुण उद्यां लागेल हें आज सांगतां येत नाहीं, म्हणून कमी उत्पन्नाचें वाण किंवा बांधावरचा रानभातही टाकून देणें महागांत पडतें. लॉस बान्योसच्या शीतगृहांत भाताच्या एक लाखाहून अधिक नमुन्यांचें बी जपून ठेवलें आहे. त्यांतील बहुतेकांची शेतकऱ्याला आज गरज नाहीं; परंतु ताटांतील भाताची पुढची तरतूद त्यांतल्याच एखाद्या मुठींत असण्याचा संभव आहे.