टायमरवरची दहा आवर्तने



स्पॉट वेल्डिंगमध्ये दोन पत्रे तांब्याच्या इलेक्ट्रोडांत दाबून धरतात व त्यांतून हजारो अँपिअरचा प्रवाह सोडतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर, रोधावर आणि वेळेवर अवलंबून असते; हा जूलचा १८४१ मधील नियम. आपल्या विजेचे एक आवर्तन म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. एक मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यांना साधारण १० आवर्तने, म्हणजे ०.२ सेकंद पुरतात. हा वेळ हाताच्या अंदाजाने साधत नाही. तो टायमर मोजतो. आधी दाब, मग प्रवाह, आणि प्रवाह थांबल्यावरही क्षणभर दाब, असा क्रम असतो. वितळलेला धातू थिजण्याआधी दाब काढला तर जोड कच्चा राहतो, आणि वरून ते दिसतही नाही.

मुलांनो, बटण दाबणे एका दिवसात येते. आवर्तने किती ठेवायची हे समजायला गणित व विज्ञान लागते. पालकहो, घरची ओढाताण मी जाणतो. तरीही दहावी होताच मुलाला कामावर धाडण्याऐवजी इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम पुरा करू द्या. जोड पक्का होईपर्यंत हात काढू नका.