कॅप्टन किडचे दोन कागद

कॅप्टन किड हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते पुरून ठेवलेल्या खजिन्यामुळे. खजिना आज बाजूला ठेवू. मला त्याच्या केसमधले दोन कागद जास्त महत्त्वाचे वाटतात.

आधी धंदा समजून घ्या. सतराव्या शतकात युद्ध पेटलं की राजाला स्वतःचं नौदल पुरायचं नाही. मग तो खासगी जहाजवाल्यांना परवाना द्यायचा: शत्रूची व्यापारी जहाजं पकडा, आमचा वाटा आम्हाला द्या, उरलेलं तुमचं. हे प्रायव्हेटियर. पण पकडलं म्हणजे लगेच आपलं झालं असं नाही हां! जहाज माल आणि कागदपत्रांसकट बंदरात आणायचं आणि प्राइज कोर्टापुढे केस चालवायची. जहाज खरंच शत्रूचं होतं का, हे ठरवणार कोर्ट. निकाल लागेपर्यंत मालाला हात लावायचा नाही. निकाल बाजूने लागला तर विक्री आणि वाटणी, नाहीतर जहाज मालकाला परत. चाचे आणि प्रायव्हेटियर यांच्यात फरक काय, तर एक परवाना आणि एक कोर्ट.

विल्यम किड मूळचा स्कॉटिश, न्यूयॉर्कमध्ये घरदार केलेला. १६९६ मध्ये तो लंडनहून निघाला, ३४ तोफांची 'ॲडव्हेंचर गॅली' घेऊन. फ्रेंच जहाजं आणि चाचे, दोन्ही पकडायचा परवाना खिशात. पैसा लावणारे कोण? इंग्लंडच्या सरकारातले बडे लॉर्ड, तेही पडद्याआडून. खलाशांना पगार नाही. शिकार मिळाली तर वाटा, नाहीतर ठणठण गोपाळ.

वर्ष उलटलं तरी हाती काही नाही. सप्टेंबर १६९७ मध्ये किड पाणी भरायला आपल्या कारवारला आला. तिथे त्याचे काही खलाशी पळाले आणि इंग्रजांच्या वखारीत बातमी पोचली की हा माणूस चाचेगिरीच्या वाटेवर आहे. ऑक्टोबरमध्ये तोफखान्यावरच्या विल्यम मूरशी त्याचं भांडण झालं. किडने लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली त्याच्या डोक्यात घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला.

आणि मग ३० जानेवारी १६९८. कोचीनजवळच्या समुद्रात 'क्वेदाघ मर्चंट' दिसलं. बंगालहून सुरतेला निघालेलं, पोटात रेशीम, मलमल, साखर, अफू. किडने स्वतःच्या जहाजावर फ्रेंच झेंडा चढवला. समोरच्याला वाटलं फ्रेंच आलेत, त्यांनी फ्रेंच कंपनीचा पास पुढे केला. झालं! पास फ्रेंच, म्हणजे जहाज शत्रूचं, असं किडचं म्हणणं. आदल्या नोव्हेंबरात पकडलेल्या एका लहान जहाजाचाही फ्रेंच पास त्याच्याकडे होता. हेच ते दोन कागद.

पण जहाजाचा कप्तान इंग्रज, माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, आणि त्यात पैसा एका मुघल दरबारी सरदाराचा. शिवाय फ्रान्सशी तह सप्टेंबरातच झाला होता, फक्त ती बातमी समुद्र ओलांडायला महिने लागायचे. आता हे जहाज कुणाचं धरायचं? असल्याच गुंत्यासाठी प्राइज कोर्ट होतं ना! किड मात्र तिथे गेलाच नाही. थोडा माल त्याने किनाऱ्यावरच विकला, बाकीच्याची वाटणी मादागास्करला केली. त्याची गॅली गळत होती, बरेचसे खलाशी दुसऱ्या चाच्याकडे गेले, हे सगळं खरं. तरी मी त्याला साधू मानत नाही.

इकडे सुरतेत आग लागलेली. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' लुटलं, तेव्हा तिथले इंग्रज व्यापारी कैदेत पडले होते. आता पुन्हा तेच. कंपनीला मुघलांपुढे दाखवायला एक गुन्हेगार हवा होता. लंडनमध्ये विरोधकांना ते लॉर्ड हवे होते, आणि लॉर्डांना किडशी नातं तोडायचं होतं.

१६९९ मध्ये बोस्टनला किड पकडला गेला. पकडणारा गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँट म्हणजे त्याचाच भागीदार! दोन्ही पास त्याच्याच हातात दिलेले. त्याने ते लंडनला पाठवले, ते पार्लमेंटपर्यंत पोचलेही.

मे १७०१, खटला. आधी मूरच्या खुनाचा, मग चाचेगिरीचा. किड पुन्हा पुन्हा म्हणतोय, माझे पास मागवा. पास कोर्टात आलेच नाहीत. ते आले असते तरी खुनाच्या आरोपातून तो सुटला नसता, आणि मालाची वाटणी करून बसल्यामुळे चाचेगिरीतूनही सुटला असता की नाही, शंकाच आहे. पण 'जहाज फ्रेंच समजून पकडलं' हे दाखवायला त्याच्याकडे दुसरं होतं काय?

२३ मे रोजी थेम्सकाठी त्याला फाशी दिलं. पहिल्यांदा दोर तुटला. चिखलात पडलेल्या किडला उठवून पुन्हा चढवलं. नंतर प्रेत नदीकाठी साखळ्यांत टांगून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांना दिसावं म्हणून.

आणि ते पास? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राल्फ पेन नावाच्या अमेरिकन लेखकाला ते सापडले. लंडनमध्येच, सरकारी दप्तरात.

पुढच्या भागात कान्होजी आंग्रे. त्यांच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या जहाजांचं काय व्हायचं, आणि इंग्रज त्यांना चाचा का म्हणायचे, ते बघू. भेटू!