शरदांतील फुलांची दरी



हिमालयांतील ‘फुलांची दरी’ हें नांव ऐकलें नाहीं असा हौशी प्रवासी आज महाराष्ट्रांत विरळाच. परंतु तेथें जावयाचें तें श्रावण-भाद्रपदांतच. पुढें पाहण्याजोगें कांहीं उरत नाहीं, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती कितपत खरी, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम थोडा इतिहास. १९३१ सालीं कामेत हें ७,७५६ मीटर उंचीचें शिखर सर करून परततांना फ्रँक स्माइथ व त्याचे सोबती भ्यूंडार खिंडीवरून या दरींत उतरले. तेथील मेंढपाळांना ती अर्थातच पूर्वींपासून ठाऊक होती. जगाला तिची ओळख झाली ती स्माइथच्या १९३८ सालच्या पुस्तकानें. पुढल्याच वर्षीं जोन मार्गारेट लेग ही वनस्पति गोळा करणारी बाई येथेंच घसरून मरण पावली; तिची समाधि दरींत आहे. १९८२ सालीं दरी राष्ट्रीय उद्यान ठरली आणि २००५ सालीं युनेस्कोनें नंदादेवी उद्यानाच्या जोडीनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. क्षेत्रफळ म्हणाल तर अवघें ८७.५ चौरस किलोमीटर.

आपल्याकडे आश्विन म्हणजे पुन्हां ऊन तापूं लागण्याचा महिना. पानगळ आपण पाहतों ती माघ-फाल्गुनांत, आणि तीहि पाण्याच्या तुटवड्यामुळें. तिकडे भूर्जाचीं झाडें आश्विनांतच पिवळीं होतात. हा पिवळा रंग नव्यानें येत नाहीं. तो पानांत उन्हाळाभर असतोच, पण हिरव्या द्रव्याखालीं झांकलेला. दिवस लहान आणि रात्री गार होऊं लागल्या कीं झाड तें हिरवें द्रव्य मोडून त्यांतील नत्रासारखे उपयुक्त अंश खोडामुळांत परत ओढून घेतें. बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं गृहिणी भांडींकुंडीं आवरते, त्यांतलाच हा प्रकार. याच भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ लिहिले. कालिदासानें ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गांत विद्याधरस्त्रियांच्या प्रेमपत्रांसाठीं हीच साल योजिली आहे. ‘भूर्जपत्र’ या शब्दाचा अर्थ मीं वर्षानुवर्षें मुलांना सांगितला. पण पदरापदरानें सुटणारी ती साल प्रत्यक्ष बोटांस लागली तेव्हां आपण आजवर नुसता शब्दच शिकवीत होतों, असें वाटलें.

फुलें नसतात हें खरें. माझ्याबरोबरचा वाटाड्या ओशाळून म्हणाला, “मास्टरजी, अब तो बीज ही बीज है.” जणूं काय तोच यजमान आणि पंगत उठल्यावर आलेला मी पाहुणा! परंतु हें बीजच पाहण्याजोगें आहे. निळी पॉपी ही आपल्या खसखशीची पहाडी बहीण. शरदांत तिचें कांटेरी बोंड वाळून टोकाशीं उघडतें आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोक्यासरशीं चिमूटभर बीं बाहेर सांडतें. अशा उंचीवरील पुष्कळ बियांना बर्फाखालचा गारठा सोसल्यावांचून अंकुरच फुटत नाहीं. श्रावणांतील शोभेची तयारी आश्विन-कार्तिकांत चाललेली असते ती अशी. टिप्रा हिमनदींतून येणारी पुष्पावती एव्हांना ओसरून निवळशंख झालेली असते. आणि पावसाळ्यांत ढगांआड दडलेलीं शिखरें सकाळीं स्पष्ट दिसतात.

या दिवसांत आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते, आणि तिच्याविषयीं बोलल्यावांचून मला राहवत नाहीं. दरींत ‘अमेला’ नांवाचें एक पुरुषभर उंच झुडूप आहे. शरदांत तें तांबूस होतें, त्यामुळें त्याचा पसारा दुरूनहि मोजतां येतो. उद्यान झाल्यावर मेंढ्यांची चराई बंद झाली. मेंढ्या गेल्या म्हणून अमेला माजला, असें कांहीं वनस्पतिज्ञ म्हणतात. इतरांना तें मान्य नाहीं. वनखात्याला मजूर लावून तो उपटावा लागतो, एवढें निश्चित. हा वाद सोडविण्याचा अधिकार माझा नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या जे लोक उन्हाळ्यांत गुरेंमेंढ्या घेऊन येथें येत, त्यांना तुमचें पाऊल फुलांस अपायकारक आहे असें सांगावयाचें, आणि आपण मात्र हजारोंनीं जावयाचें, हें मला विचित्र वाटतें. आज त्याच गांवांतील माणसें खेचरें हांकतात, ओझीं वाहतात, खानावळी चालवितात. आपण वाटेंत टाकलेला कचराहि गोळा करतात. हंगामाची गर्दी ओसरल्यावर त्यांना बोलावयास सवड असते. दरीची जी माहिती मला मिळाली तिचा मोठा भाग त्यांच्याकडूनच.

जाऊं इच्छिणारांसाठीं दोन शब्द. हृषीकेशाहून जोशीमठ (यालाच आतां ज्योतिर्मठ म्हणतात), तेथून गोविंदघाट व पुलना येथपर्यंत गाडी. पुढें घांघरियापर्यंत सुमारें दहा किलोमीटर चढण. घांघरिया तीन हजार मीटरांवर आहे, तेव्हां उतारवयाच्या मंडळींनीं वैद्याचा सल्ला घेऊन निघावें. दरींत मुक्कामास परवानगी नाहीं; सकाळीं परवाना घेऊन शिरावें आणि ऊन कलण्यापूर्वीं परतावें. हेमकुंड साहिबचे दरवाजे ऑक्टोबरांत बंद झाले कीं घांघरियांतील बहुतेक बिऱ्हाडें खालीं उतरूं लागतात, म्हणून जेवणाखाण्याची चौकशी आधींच करावी. लोंकरी कपडे भरपूर न्यावेत. त्या दिवसांत पहिला बर्फ केव्हांहि पडतो. ३१ ऑक्टोबरला उद्यानाचें फाटक बंद होतें तें पुढल्या १ जूनलाच उघडतें.