मठातला बोलका माणूस



१९३८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस मर्टन नावाचा एक विद्यार्थी होता. आई लहानपणीच गेलेली, चित्रकार वडील सोळाव्या वर्षी गेलेले. वाचन अफाट, मन मात्र कुठेच ठरत नव्हतं. तिथं त्याला बंगालचे एक वैष्णव साधू भेटले, महानामब्रत ब्रह्मचारी. डोक्याला फेटा, अंगात शुभ्र वस्त्रं, पायात कॅनव्हासचे बूट आणि गाठीशी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट! या साधूंनी त्याच्या हाती गीता दिली नाही. तुमच्याकडचेच ग्रंथ आधी वाचा, म्हणाले. संत ऑगस्टीनचं आत्मनिवेदन वाचा, ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’ वाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्टननं कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. १० डिसेंबर १९४१ रोजी तो केंटकीतल्या गेथसेमनी मठात दाखल झाला.

हा ट्रॅपिस्ट साधूंचा मठ. पहाटेच्या अंधारात प्रार्थना, दिवसा शेतावर कष्ट, आणि बोलायचं फारसं नाहीच, खुणांनी भागवायचं. अशा ठिकाणी हा जन्माचा लिहिणारा! मठाधिपतींनीच सांगितलं म्हणून आत्मचरित्र लिहिलं. १९४८ साली आलेल्या ‘द सेव्हन स्टोरी माउंटन’च्या पहिल्या वर्षभरात सहा लाखांच्या घरात प्रती खपल्या.

खरं सांगू? मला ते पुस्तक थोडं अहंकारी वाटतं. जग वाईट आणि मठ तेवढा पवित्र, असा त्याचा सूर. पुढचा मर्टन मला अधिक जवळचा. अण्वस्त्रं, व्हिएतनाम, वर्णद्वेष यांवर तो मठात बसून लिहू लागला. १९६२ मध्ये पंथाच्या वरिष्ठांनी बजावलं, युद्धावर काही छापायचं नाही. आज्ञापालनाचं व्रत त्यानं मोडलं नाही. शांततेवरचं पुस्तक बाजूला ठेवलं, ते थेट २००४ साली छापून आलं. पत्रांवर मात्र बंदी नव्हती. ती चक्रमुद्रित होऊन हातोहात फिरली. शब्द पाळून वाट काढायची ही हुशारी कुणाला पळवाट वाटेल. मला तसं वाटत नाही.

१९६५ साली त्यानं गांधीजींच्या अहिंसाविषयक वचनांचं छोटं पुस्तक संपादित केलं. १९६८ मध्ये तो भारतात आला, धर्मशाळेला दलाई लामांना तीनदा भेटला. त्याच वर्षी १० डिसेंबरला, मठप्रवेशाला बरोबर सत्तावीस वर्षं झाली त्या दिवशी, बँकॉकजवळ एका परिषदेत सकाळचं भाषण झाल्यावर तो खोलीत मृतावस्थेत सापडला. अंगावर विजेचा पंखा पडलेला होता. त्याचं शव अमेरिकेच्या लष्करी विमानातून मायदेशी गेलं. त्याच विमानात व्हिएतनाममध्ये पडलेल्या सैनिकांच्या शवपेट्या होत्या.

श्रोतेहो, मर्टन वाचायचा तर त्या गाजलेल्या आत्मचरित्रापासून सुरुवात करू नका. गांधीजींवरच्या पुस्तकाची त्याची प्रस्तावना आधी वाचा. बाकीचं मग सावकाश.