वस्तीपालट आणि बाजाराचा रस्ता



नगरजीवनाविषयीच्या ग्रंथांचा अनुवाद करताना एक शब्द वारंवार आडवा येतो. तो म्हणजे ‘जेंट्रिफिकेशन’. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ मध्ये लंडनसंबंधी लिहिताना तो प्रचारात आणला. कष्टकऱ्यांच्या जुन्या मोहल्ल्यांत मध्यमवर्गीय व सधन कुटुंबे येऊ लागतात, घरांची डागडुजी होते, किमती चढतात आणि मूळचे रहिवासी एकेक करून बाहेर पडतात, ही घडामोड तिला एका शब्दात सांगावयाची होती. ‘जेंट्री’ म्हणजे इंग्लंडातील सरदारांच्या खालोखालचा प्रतिष्ठित वर्ग. तेव्हा मूळ शब्दात थोडा उपरोधही आहे. मराठीत कोणी याला ‘अभिजनीकरण’ म्हणतात, कोणी ‘उच्चभ्रूकरण’. परंतु या दोन्ही शब्दांत येणाऱ्याचा उल्लेख आहे, जाणाऱ्याचा नाही. म्हणून मी ‘वस्तीपालट’ असा शब्द योजते. खांदेपालटात भार एका खांद्यावरून उतरतो आणि दुसऱ्यावर चढतो, ही दुहेरी क्रिया त्यात येते. आपणास शब्द पटला नाही, तरी आजच्या व्याख्यानापुरता तो चालवून घ्यावा, ही विनंती.

अशा पालटत्या वस्तीच्या बाजाररस्त्यावर नवी दुकाने कोणती हवीत, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ वेळा विचारला जातो. विचारणारा बहुधा नवा रहिवासी असतो आणि त्याची यादी मनात तयार असते : एक चांगली बेकरी, एक कॉफीचे दुकान, जमल्यास एक पुस्तकांचे दुकान. या यादीत गैर काही नाही. पुस्तकांच्या दुकानाला तर मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? परंतु त्या रस्त्यावर चाळीस वर्षे वावरलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारला, तर तो नव्या दुकानांची यादी सांगत नाही. काय काय बंद झाले, ते सांगतो. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज रस्त्याची खरी गरज कळत नाही, असे मला वाटते. यासाठी मी मुंबईतील गिरणगावाचे उदाहरण घेणार आहे.

आपणा दिल्लीकरांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी असा हा मध्य मुंबईतील मुलूख. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत कोकण व घाटावरील लक्षावधी माणसे येथील चाळींत येऊन राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमानुसार तिचे तीन वाटे व्हावयाचे होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या भूभागापुरती राहिली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. त्यानंतर तेथे काय उभे राहिले, हे आपण चित्रांतून पाहिलेच असेल. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली.

आता बंद झालेल्या गोष्टींकडे वळू. त्यांत पहिले नाव खाणावळीचे. कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण पाळीपाळीने राहात. त्यांचे जेवण आसपासच्या चाळींतील बायका करीत. जेवणाऱ्यांचे पैसे पगाराच्या दिवशी मिळत, वाणसामान मात्र महिनाभर उधारीवर आणावे लागे आणि त्या उधारीचे व्याज बाईच्या कष्टांतून वसूल होई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. ज्यांच्यापाशी तारण ठेवण्याजोगे काही नव्हते, त्यांच्या हातच्या कसबावर बँकेने पैसे दिले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे सात वर्षांनी संप आला. जेवणारे गावी गेले, मागची बाकी बुडाली आणि असंख्य चुली विझल्या.

खाणावळीची गरज मात्र संपली नाही. आज त्याच गिरण्यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्यांतून काम करणारी हजारो तरुण माणसे दुपारी जेवणासाठी बाहेर पडतात. त्यांतही घरापासून दूर, दोघे-तिघे मिळून खोली भाड्याने घेणारे पुष्कळ आहेत. कामगार जाऊन कारकून आला, कारकून जाऊन संगणकावर काम करणारा आला, पण दुपारी पोळी-भाजी हवी, ही बाब बदललेली नाही. जुन्या चाळीतील निवृत्त, एकटी राहणारी म्हातारी माणसेही आता रोज दोन वेळा चूल पेटवू शकत नाहीत. तेव्हा नव्या-जुन्या दोघांनाही उपयोगी पडेल आणि वस्तीतल्याच बायकांचे कसब वापरेल, असे दुकान म्हणजे पोळी-भाजी केंद्र. या रस्त्यासाठी एकच धंदा सुचवावयाचा झाला, तर मी हा सुचवीन.

मग तो आपोआप का उभा राहात नाही? याचे उत्तर लोकांच्या अभिरुचीत शोधू नये, अंकगणितात शोधावे. समजा, दीडशे चौरस फुटांच्या गाळ्याचे भाडे महिना साठ हजार रुपये आहे. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले, तर रोज सुमारे तेवीसशे रुपये भाड्यापोटी निघाले पाहिजेत. जिन्नस, गॅस आणि मजुरी वजा जाता एका थाळीमागे वीस रुपये सुटत असतील, तर एकशे पंधरा थाळ्या निव्वळ घरमालकासाठी विकाव्या लागतात. बाईच्या हाती काही पडावयाचे, ते त्यापुढे. कॉफीच्या एका पेल्यामागे शंभर रुपये सुटत असतील, तर तेच भाडे तेवीस पेल्यांत निघते. म्हणजे रस्त्यावर कॉफीचे दुकान येते, ते लोकांना कॉफी अधिक हवी असते म्हणून नव्हे. ते भाड्याला पुरे पडते म्हणून. (कॉफीच्या दुकानाचा मला राग नाही. चाळीत ज्यांना दोन घटका एकांत मिळत नाही, अशी तरुण जोडपी एका पेल्यावर तेथे तासभर बसतात आणि मालक त्यांना उठवीत नाही, हा त्याचा एक सामाजिक उपयोग मानला पाहिजे.)

जेन जेकब्स यांनी १९६१ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हेच सूत्र न्यूयॉर्कच्या संदर्भात मांडले होते. त्यांचे म्हणणे असे की, ज्या उद्योगाची अजून परीक्षा व्हावयाची आहे, त्याला स्वस्त, जुनी, बांधकामाचा खर्च केव्हाच फिटलेली जागा लागते. नव्या इमारतीचे भाडे फक्त मुरलेल्या धंद्यांनाच झेपते. त्यांनी आणखीही एक धोका सांगितला आहे. रस्ता यशस्वी झाला की सर्वांत अधिक नफ्याचा एकच धंदा बाकी सर्वांना हुसकावून लावतो आणि ज्या विविधतेमुळे लोक तेथे येत होते, तीच नष्ट होते.

याचे उदाहरण आपल्या घराजवळच आहे. हौज खास गावात १९८० नंतरच्या दशकात कपड्यांची व कलावस्तूंची दुकाने आली. गावठाणातील स्वस्त घरे हे त्याचे कारण. पुढे दुकानांच्या जागी उपाहारगृहे आली, आणि मजल्यावर मजला चढवीत इतकी आली की २०१३ मध्ये सांडपाणी व परवान्यांच्या प्रश्नावरून हरित न्यायाधिकरणापुढे प्रकरण गेले आणि तीसहून अधिक उपाहारगृहांना काही काळ टाळे लागले. कमला मिलमध्ये याहून भयंकर झाले. २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत तेथील गच्चीवरच्या उपाहारगृहात चौदा जणांचा बळी गेला. एकाच धंद्याची दाटी झाली की तिचा भार गटारांवर आणि जिन्यांवर प्रथम पडतो.

असो. रस्त्याच्या गरजांकडे परत येऊ. आज वाणसामान, औषधे, भाजीसुद्धा दहा-वीस मिनिटांत घरपोच येते. म्हणून जे पिशवीत घालून पाठविता येत नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर जागा हवी. दुरुस्ती ही त्यांतली मुख्य. कुकरची शिटी, मिक्सरचे भांडे, छत्रीची काडी, भ्रमणध्वनीची काच, पँटची कंबर, चपलेचा अंगठा : ही कामे करणारा माणूस टॉवरमधल्या बाईंनाही हवा असतो आणि चाळीतल्या काकूंनाही. पिठाची गिरणी तशीच. गिरणगावातून कापडाच्या गिरण्या गेल्या, आता पिठाच्याही जात आहेत. नव्या इमारतीत आवाज आणि भुकटी कोणाला नको असते. लालबागची मसाल्याची गल्ली मात्र टिकून आहे. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या कानाकोपऱ्यांतून बायका तेथे येतात, मिरची पारखून घेतात, भाजून घेतात आणि डंकावर डोळ्यांसमोर कुटून घेतात. तिची गिऱ्हाइके वस्तीबाहेरचीही असल्यामुळे वस्ती पालटली तरी ती निभावली. पिठाच्या गिरणीला असे दूरचे गिऱ्हाईक मिळत नाही. दळणाचा डबा घेऊन लोकलने कोणी प्रवास करीत नाही.

पाळणाघर हवे, नव्या घरांत दोघेही नोकरीला जातात आणि जुन्या घरांतील बायका त्यांच्याकडे कामाला जातात, तेव्हा मुलांचा प्रश्न दोन्हींकडे सारखाच आहे. अभ्यासिका हवी, कारण दहा-बाय-बाराच्या खोलीत रात्री दिवा कोणासाठी विझवावयाचा, हा रोजचा तंटा असतो. माझा स्वतःचा अनुभव असा की, वाचनालये उघडी ठेवण्याविषयी आपण फार बोलतो, पण मुलांना पुस्तकापेक्षाही आधी टेबल हवे असते.

यांतला एकही धंदा साठ हजारांचे भाडे देऊ शकत नाही. तेव्हा ‘कोणते दुकान’ या प्रश्नाच्या आत ‘कोणत्या भाड्याने आणि कोणाच्या जागेत’ हा प्रश्न दडलेला आहे. लालबागच्या बाजाराला हे फार पूर्वी कळले होते. १९३२ मध्ये तेथील पेरू चाळीचा बाजार बंद झाला आणि कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला, पुढे जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तेथे गणेशोत्सव सुरू झाला. आज देशभर ज्याची ख्याती आहे, तो ‘लालबागचा राजा’ तो हाच. दर्शनाच्या रांगेत ताटकळणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, या उत्सवाच्या मुळाशी बाजाराच्या गाळ्यांचा प्रश्न होता?

आज नवस कोणाला करावा? जागा मिळण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. महापालिकेच्या मंडया आहेत; तेथील रिकामे गाळे बचतगटांना वा कारागिरांना देता येतील, सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला असेही देता येतील. पदपथावरचा विक्रेता हे तर सर्वांत स्वस्त दुकान. त्याच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असे त्यात म्हटले आहे. मुंबईत या प्रतिनिधींच्या निवडणुकीसाठी मात्र २०२४ साल उजाडावे लागले.

तिसरी वाट पुनर्विकासाची, आणि तेथे बारकाईने पाहिले पाहिजे. उपकरप्राप्त जुनी इमारत पाडून नवी बांधताना भाडेकरू दुकानदाराला त्याच्या मूळ गाळ्याइतकी जागा द्यावी लागते. क्षेत्रफळ तेवढेच मिळते हे खरे, पण तोंड कोणीकडे? पूर्वी रस्त्याला लागून असलेला गाळा वाहनतळाच्या मागे वा वरच्या मजल्यावर गेला, तर चपला शिवणाऱ्याकडे कोण चढून जाणार? शिवाय पूर्वीचे पागडीचे भाडे किरकोळ होते. आता उद्‌वाहन, पहारेकरी आणि रोषणाई यांच्या खर्चाचा मासिक हिस्सा भरावा लागतो. दोन वर्षांत दुकानदार थकतो आणि गाळा बँकेला वा दागिन्यांच्या पेढीला देऊन मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यावा? घर चालविण्यासाठी तो तेच करणार. म्हणून रहिवाशांच्या संस्थेने करारनाम्यावर सह्या करण्यापूर्वीच काही गोष्टी लिहून घ्याव्यात : रस्त्याकडील गाळे लहानच राहतील, दोन-चार गाळे एकत्र करून मोठे दालन करता येणार नाही, दुकानांवरील देखभालखर्चाची आकारणी वेगळी व कमी असेल, आणि निदान दोन गाळे संस्थेच्या मालकीचे राहून फक्त खर्चापुरत्या भाड्याने दिले जातील. त्यांत पोळी-भाजी केंद्र असावे की पाळणाघर, हे त्या इमारतीतील माणसांनी ठरवावे. मी येथून कशाला सांगू?

यातले शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे. दोन गाळ्यांचे बाजारभावाने होणारे भाडे सोडून द्यावयाचे म्हणजे प्रत्येक सभासदाचा मासिक खर्च थोडा वाढणार, आणि सर्वसाधारण सभेत त्याला विरोध होणारच. आपल्या दिल्लीत विकास प्राधिकरणाच्या वसाहतींत स्थानिक बाजारासाठी जागा आराखड्यातच राखलेली असते. त्या गाळ्यांत आरंभी कोणते धंदे आले आणि आज कोणते उरले आहेत, हे आपल्यापैकी जे अशा वसाहतींत राहतात, त्यांनी चर्चेच्या वेळी सांगावे. इस्त्रीवाला आणि शिंपी अजून तेथे आहेत का, हे मला विशेषकरून ऐकावयाचे आहे.