ओलं ब्लँकेट, भिजत घोंगडं

मी सात-आठ वर्षांचा असेन. एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातला पंपाचा स्टो भडकला. जाळ पार फडताळापर्यंत गेला. आम्ही पोरं ओरडत अंगणात पळालो. आजीनं मात्र खुंटीवरचं घोंगडं ओढलं, न्हाणीतल्या घंगाळात बुचकळलं आणि पाणी निथळत असतानाच स्टोवर टाकलं. फस्स् असा आवाज झाला, जळक्या लोकरीचा वास घरभर पसरला आणि आग विझली.

पुढे कॉलेजात ‘वेट ब्लँकेट’ हा इंग्रजी शब्दप्रयोग भेटला. चार माणसं रंगात आली असताना त्यांच्या उत्साहावर पाणी ओतणारा, तो वेट ब्लँकेट. मला ते फार लागलं. ज्या ओल्या पांघरुणानं आमचं घर वाचवलं, त्याची इंग्रजीत शिवी झाली होती. प्रतिमा तीच, आग विझवण्याची. फक्त इथे आग म्हणजे माणसांचा आनंद.

ब्लँकेट हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या पोटात ‘ब्लां’, म्हणजे पांढरा, हा शब्द आहे. न रंगवलेलं पांढरं लोकरी कापड ते ब्लँकेट. ब्रिस्टलच्या टॉमस ब्लँकेट नावाच्या विणकरावरून हे नाव पडलं, असं हौसेनं सांगतात. चौदाव्या शतकातला तो विणकर खरा, पण शब्द त्याच्या आधीचा. आपलं घोंगडं बहुधा काळं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्यांची खळ दिलेलं, अंगाला टोचणारं.

या साध्या कापडाला शेक्सपिअरनं ‘मॅकबेथ’मध्ये केवढ्या उंचीवर नेलं बघा. खुनाचा बेत मनात पक्का करताना लेडी मॅकबेथ काळोखालाच ब्लँकेट म्हणते. त्यातून स्वर्गानं डोकावून आपला हात धरू नये, एवढंच तिचं मागणं. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनला हे रुचलं नाही. इतक्या भीषण प्रसंगी ब्लँकेटसारखी घरगुती वस्तू ऐकून हसू येतं, असं त्यानं १७५१ साली लिहिलं. जॉन्सन थोर खरा, पण इथे मी त्याच्या बाजूनं नाही. बोलणारी बाई घराची मालकीण आहे. ज्या राजाचा जीव घ्यायचा, तो पाहुणा म्हणून येऊन तिच्याच घरात, तिनंच घातलेल्या अंथरुणावर झोपणार आहे. तिच्या तोंडी पांघरूण नाही येणार तर काय येणार?

आता ‘ब्लँकेट बॅन’ घ्या. आपण त्याला सरसकट बंदी म्हणतो, आणि उत्तम म्हणतो. इंग्रजी ब्लँकेट सगळ्यांवर सारखंच पडतं, निवड करत नाही. मराठीत पांघरूण घातलं जातं ते मात्र निवडून, आपल्या माणसाच्या चुकांवर. आईनं लेकाच्या खोडीवर घातलं तर ती माया, अधिकाऱ्यानं हाताखालच्याच्या लबाडीवर घातलं तर तो गुन्हा. क्रियापद एकच.

आणि पाणी? ओलं लोकरी पांघरूण इंग्रजांनी आगीवर पडताना पाहिलं. आपण ते पाण्यात पडलेलं पाहिलं आणि म्हटलं, भिजत घोंगडं. भिजलेलं घोंगडं एकट्यानं उचलत नाही, पिळायला दोघं लागतात आणि वाळायला ऊन पुरत नाही. ज्यानं ते कधी धुतलंय, त्याला न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलेला वाटणीचा दावा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आजीचं ते घोंगडं दुसऱ्या दिवशी आई आणि काकूनं दोन टोकांना धरून पिळलं आणि परसातल्या गडग्यावर टाकलं. मधोमध ताटाएवढं भोक पडलं होतं. दिवस पावसाळ्याच्या तोंडचे. आजी रोज दुपारी बाहेर जायची, काठाशी चिमटीत धरून बघायची आणि आत येऊन सांगायची, “अजून दमट आहे गं.”